एकतीस टक्के

कॉलेजात मला टक्केकाका म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पाठीमागे म्हणतात. पण ग्रंथालय इतकं शांत असतं की पाठीमागचं सगळं पुढे ऐकू येतं. तेहतीस वर्षं मी इथे ग्रंथपाल आहे. त्यातली अठ्ठावीस वर्षं पुस्तकं दिली, घेतली, फाटलेल्यांना चिकटपट्ट्या लावल्या, वाचक कमी होत गेले तसे पंखेही बंद करत गेलो. शेवटची पाच वर्षं मात्र मी नुसते टक्के मोजतोय.

त्याचं असं झालं. विद्यार्थी दुसऱ्याचं लिखाण उचलून स्वतःच्या नावावर खपवतात अशी ओरड वाढली आणि वरून एक मशीन आलं. मशीन म्हणजे कॉम्प्युटरातला एक प्रोग्राम, पण सगळे त्याला मशीनच म्हणतात. विद्यार्थ्याचा प्रबंध त्यात घालायचा. ते जगभरातल्या पुस्तकांशी, लेखांशी आणि जुन्या प्रबंधांशी तो ताडून बघतं आणि सांगतं, यातले इतके टक्के शब्द दुसरीकडे सापडले. दहाच्या आत असेल तर ग्रंथपालाने प्रमाणपत्रावर सही करायची. वर असेल तर परत पाठवायचं. परत पाठवायचं म्हणजे पोरांचं रडगाणं, पालकांचे फोन आणि गाइड लोकांची तोंडं, हे सगळं माझ्या कपाळी.

आता यातली गोम अशी की मशीन मोजतं, वाचत नाही. एखाद्याने चार ओळी चोरल्या तर त्या मोजल्या जातात. आणि एखाद्याने त्याच चार ओळी नीट अवतरणात घालून खाली लेखकाचं नाव, पुस्तक, पान असं सगळं दिलं, तरी त्या तशाच मोजल्या जातात. अवतरणातला मजकूर सोडून मोज, असं मशीनला सांगता येतं. पण मग पोरं अख्खं प्रकरणच अवतरणात घालतील, असं म्हणून आमच्या समितीने ते बंद करून टाकलं. थोडक्यात काय, शब्द फिरवून चोरणारा सुटतो आणि जो खरं सांगेल त्याचे टक्के जास्त. हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. एकदा मीटिंगमध्ये बोललोही होतो. कोणी ऐकलं नाही, मग मीही मूग गिळून बसलो.

नर्सबाई आल्या तो प्रबंध जमा करायचा शेवटचा आठवडा होता. त्या दिवशी मी अठ्ठावीस प्रबंध मशीनमध्ये घातले होते. डोळे चुरचुरत होते आणि पाठीचा काटा ढिला झाला होता. टेबलासमोर एक बाई उभी राहिली. अंगात रुग्णालयाचा गणवेश, वरून स्वेटर, पायात पांढरे बूट. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची असेल. आमच्या संध्याकाळच्या वर्गाला एम.ए. करत होती. पदवी मिळाली की तिला नर्सिंगच्या शाळेत शिकवायची जागा मिळणार होती. वॉर्डात वीस वर्षं उभं राहून गुडघे गेले होते, त्यामुळे त्या जागेवर तिचा जीव होता. हे सगळं तिने न विचारता सांगितलं. शेवटच्या आठवड्यात सगळेच सांगतात.

तिचा विषय होता, ज्यांना बोलता येत नाही किंवा जे बोलत नाहीत, अशा रुग्णांचं दुखणं नर्सेस कसं ओळखतात.

मी कागद तिच्यासमोर सरकवला. "एकतीस टक्के. जमणार नाही."

तिचा चेहरा पडला. "पण मी काही चोरलं नाहीये सर. प्रत्येकाचं नाव दिलंय. हे बघा, पान नंबरसुद्धा दिलाय."

खरंच दिला होता. पानापानाच्या तळाशी नावांची रांग होती. एके ठिकाणी तर टीप होती, ही गोष्ट वॉर्डात लादी पुसणाऱ्या मावशींनी सांगितली, अमुक तारखेला. मला हसू आलं. "एवढं कोण लिहितं हो?"

"सवय आहे सर. औषध कोणी दिलं, किती वाजता दिलं, हे लिहिल्याशिवाय आम्ही बाटली खाली ठेवत नाही. उद्या काही झालं तर कळायला नको?"

मग तिने तिसरं प्रकरण उघडून दाखवलं. अकरा पानं होती. तिला जिने हे काम शिकवलं त्या जुन्या सिस्टरचं बोलणं होतं त्यात. सगळा वॉर्ड तिला अक्का म्हणायचा. अक्का निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ही दर सुट्टीच्या दुपारी तिच्याकडे जाऊन बसायची आणि अक्का बोलायची. "रेकॉर्ड करू देत नाही. म्हणते, ते मशीन बंद कर, मग बोलते. चाळीस वर्षं तिने माणसं बघितली सर, आणि कुठे एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. तिचं नाव कागदावर येणार ते एवढ्यातच. पदवी तर हवीच आहे मला, पण हे पण हवंय."

तिच्यामागे अजून नऊ जण उभे होते. मी त्या अकरा पानांकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणालो, "बाई, अवतरणं काढा, खालच्या टिपा काढा, आणि शब्द थोडे इकडचे तिकडे करा. शेवटी पुस्तकांची यादी राहू द्या, तेवढी पुरते. येईल दहाच्या आत."

"पण मग कोणाचं काय ते कळणार कसं?"

"कोण बघतंय? सगळे हेच करतात."

"सगळी काढू?"

"सगळी काढा," मी म्हणालो आणि पुढच्याचा पेन ड्राइव्ह हातात घेतला.

तीन दिवसांनी ती परत आली. आठ टक्के. मी म्हटलं, "बघा, झालं की नाही?"

"हो," ती म्हणाली. "सगळी अवतरणचिन्हं काढ, असं कॉम्प्युटरला एकदाच सांगितलं. एका सेकंदात गेली. मग 'अक्का म्हणाली, अक्का म्हणाली' असं विचित्र दिसायला लागलं, म्हणून तेही काढलं. वाक्यं सलग केली, शब्द फिरवले." थोडं थांबून म्हणाली, "वाचताना वेगळंच वाटतं हो. सगळं मीच बोलल्यासारखं वाटतं."

"चांगलं आहे की मग," मी म्हणालो आणि सही ठोकली.

चार महिन्यांनी प्राचार्यांचं बोलावणं आलं. त्यांच्या टेबलावर बाहेरच्या परीक्षकबाईंचं पत्र होतं. मजकूर तीनच ओळींचा, पण झणझणीत. पान एकवीस ते चोवीस माझ्या वीस वर्षांपूर्वीच्या लेखातून घेतलं आहे, वाक्यं तेवढी फिरवली आहेत. शेवटच्या यादीत माझं नाव आहे, पण यादीत नाव घातल्याने दुसऱ्याच्या घरात राहायचा हक्क मिळत नाही. हा प्रबंध मी तपासणार नाही, पुढची कारवाई कॉलेजने करावी.

कारवाई म्हणजे काय ते नियमात स्पष्ट होतं. प्रबंध रद्द, नोंदणी रद्द आणि तीन वर्षं पुन्हा प्रवेश नाही. म्हणजे नर्सबाईच्या हिशेबाने सगळंच संपलं. शिकवायच्या जागेची वयोमर्यादा त्याआधीच उलटणार होती.

"तुम्ही काळजी करू नका," प्राचार्य मला म्हणाले. "तुमच्या कागदावर आठ टक्के आहेत. नियमाप्रमाणे सही केलीत. चौकशीत तेवढंच सांगायचं. सात महिन्यांनी निवृत्त होताय, उगाच लफडं नको."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं? तेहतीस वर्षं तेच केलं.

घरी आलो तेव्हा आमची ही शिवणाच्या मशीनवर बसली होती. ती घरी कपडे शिवते, गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं तिच्या वहीत आहेत. माझं तोंड बघून म्हणाली, "आज किती टक्के?"

मी सगळं सांगितलं. सांगताना असं सांगितलं की दोष मशीनचा वाटावा. नियम असा, समिती तशी, मशीनला वाचता येत नाही, वगैरे वगैरे. ती ऐकत होती आणि पायाने मशीन चालवत होती. मग तिने चाक हाताने थांबवलं.

"एवढं सगळं ठीक आहे हो. पण अवतरणं काढ, असं तिला सांगितलं कोणी?"

"अगं, सगळेच सांगतात."

"सगळ्यांचं सोडा. तिला कोणी सांगितलं?"

मी चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या.

"माप मी चुकीचं घेतलं आणि ब्लाउज दंडात बसला नाही तर बाई माझ्याच दारात येते. तेव्हा मी काय या मशीनकडे बोट दाखवते?" असं म्हणून तिने पुन्हा पाय हलवायला सुरुवात केली. मला तिचा राग आला.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीतच झाली. प्राचार्य, नर्सबाईचे गाइड, मी आणि कोपऱ्यात टिपणं घेणारी क्लार्क. गाइड सरांनी प्रबंधाची फक्त अनुक्रमणिका वाचली होती हे मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक होतं. ते खिडकीबाहेर बघत होते. नर्सबाई आली ती सकाळच्या ड्यूटीवरून तशीच. डोळ्यांखाली काळं आलं होतं. प्राचार्यांनी तिचं लेखी निवेदन वाचून दाखवलं.

"अवतरणचिन्हं आणि संदर्भ मी स्वतः काढले. मला कोणीही तसं सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे."

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

ही बाई लादी पुसणाऱ्या मावशींचंसुद्धा नाव लिहिणारी. औषध कोणी दिलं ते लिहिल्याशिवाय बाटली खाली न ठेवणारी. आणि आज तिने माझं नाव गाळलं होतं. नावं गाळायला तिला शिकवलं ते मीच. मला इतकी लाज वाटली की मी उभाच राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती.

"साहेब, हे निवेदन खोटं आहे. तिला मी सांगितलं."

प्राचार्य हसल्यासारखं करून म्हणाले, "बोलता बोलता काहीतरी म्हणाला असाल तुम्ही. त्याचं काय एवढं..."

"काहीतरी नाही. 'सगळी काढा' असं म्हणालो. तिने विचारलंही, कोणाचं काय ते कळणार कसं. मी म्हणालो, कोण बघतंय. क्लार्कबाई, हे लिहा."

क्लार्कने पेन उचललं आणि प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी नाकाचा शेंडा चिमटीत धरला. ते वाईट गृहस्थ नाहीत. तेही दमलेलेच आहेत, फक्त त्यांची खुर्ची मोठी आहे. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय? हे कागदावर आलं की पाच वर्षांची तुमची सगळी प्रमाणपत्रं उघडावी लागतील. चारशे तरी असतील. त्यातली खरी किती आणि धुतलेली किती?"

"उघडा मग. मला तरी कुठे माहीत आहे?" माझा आवाज चढला. ग्रंथपालाचा आवाज चढलेला त्या खोलीने कधी ऐकला नसेल. "चोर आठ टक्क्यांत पास होतो आणि नावं देणारी एकतीस टक्क्यांत नापास. हे मला पाच वर्षं दिसतंय आणि मी सह्या करतोय. हिला शिक्षा करायची तर आधी मला करा."

तेव्हा नर्सबाई बोलली. मला वाटलं होतं ती माझे आभार वगैरे मानेल. तसलं काही नाही.

"सर, मी काही लहान पोर नाही," ती प्राचार्यांना म्हणाली. "यांनी सांगितलं हे खरं आहे. पण हे बरोबर नाही, ते मला तेव्हाच कळत होतं. मी कंटाळले होते. ड्यूटी, घर, क्लास सगळं करून माझ्यात जीव राहिला नव्हता आणि मला दहाच्या आत बसायचं होतं. तेही लिहा. सगळं यांच्या डोक्यावर टाकू नका."

शेवटी गाइड सर खिडकीकडेच बघत म्हणाले, "मीही वाचला असता तर कळलं असतं मला." त्यांचं तेवढं वाक्यही क्लार्कने लिहून घेतलं.

निर्णय असा झाला की तिने महिन्याभरात सगळे संदर्भ जागच्या जागी घालून प्रबंध पुन्हा द्यायचा. तिच्यापुरते टक्के बघायचे नाहीत, टिपा बघायच्या. परीक्षकबाईंना कॉलेजने माफीचं पत्र लिहायचं. मला मेमो, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं ठेवून घेण्याची जी बोलणी चालली होती त्यावर पाणी. जुन्या चारशे प्रमाणपत्रांचं काय करायचं ते पुढच्या मीटिंगमध्ये. ती मीटिंग अजून झालेली नाही.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "माझं नाव का गाळलंत?"

"तुमचे सात महिने राहिलेत म्हणे. गाइड सर म्हणाले. कशाला उगाच." मग जिना उतरता उतरता म्हणाली, "अक्का गेली सर. दोन महिने झाले."

"प्रबंध दाखवला होतात का तिला?"

"पास झाला की बांधून घेऊन जाणार होते."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळची ड्यूटी संपली की दुपारी ग्रंथालयात यायला लागली. खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर आम्ही बसायचो. ती प्रबंधातला परिच्छेद वाचायची, कुठल्या पुस्तकातला असेल ते आठवायची, मी कपाटातून पुस्तक काढून आणायचो. मग दोघं मिळून ती ओळ शोधायची. सापडली की फिरवलेले शब्द पुन्हा मूळचे करायचे, दोन्हीकडे अवतरणचिन्हं, खाली नाव आणि पान. परीक्षकबाईंचा लेख सगळ्यात आधी घेतला. त्यांच्या एका परिच्छेदाचं हिने इतकं वाटोळं केलं होतं की मूळ वाचून तीच म्हणाली, "किती छान लिहिलंय हो त्यांनी. मी उगाच हात लावला."

खोटं कशाला बोलू, ते दिवस मला बरे गेले. पाच वर्षांत पहिल्यांदा मी पुस्तकं उघडत होतो. दोन वेळा चुकीचं पुस्तक आणलं आणि तेच वाचत बसलो. ती ओरडली, "सर, ते नाही आपलं." नऊ दिवसांत पुस्तकातलं सगळं पुस्तकांना परत गेलं. एकही ओळ राहिली नाही. मला वाटलं, जिंकलो.

दहाव्या दिवशी तिने तिसरं प्रकरण उघडलं.

पहिलं पान तिने वाचलं, दुसरं वाचलं, मग पुन्हा पहिल्यावर आली. हातात पेन्सिल होती, पण ती कागदाला लागेना.

"काय झालं?"

"यातलं अक्काचं कुठलं आणि माझं कुठलं, ते कळत नाही."

मला आधी त्यातलं गांभीर्य लक्षात आलं नाही. मी म्हटलं, "तुमची वही असेल ना?"

वही होती. तिने ती पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवली. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला सांगते तशी टिपणं होती त्यात. बोटं, पाय. गप्प म्हणजे जास्त. पाणी नको म्हणतो तेव्हा. वाक्य एकही नाही. दुपारी अक्का बोलायची, ही दोन-दोन शब्द टिपायची आणि घरी जाऊन सगळं आठवून थेट प्रबंधात लिहायची. पूर्ण वाक्यं होती ती फक्त त्या पहिल्या प्रतीत. आणि तीच प्रत तिने बदलत नेली होती.

"पण ती पहिली प्रत तुमच्या मशीनमध्ये असेल ना सर?" तिचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही घातली होतीत की. एकतीस टक्के आले तेव्हाची."

पहिली प्रत मशीनमध्ये राहिली तर दुसरी प्रत पहिलीशीच जुळते आणि अख्खा प्रबंध चोरीचा दाखवते. म्हणून दुसरी घालायच्या आधी पहिली पुसून टाकायची असते. आमची तशी पद्धतच आहे. मी पुसली होती. अहवालाचंसुद्धा, कागद वाचवायचा म्हणून, पहिलंच पान छापलं होतं. ज्यावर फक्त आकडा असतो.

"पुसली," मी म्हणालो.

तिने पेन्सिल उचलली आणि एकेक वाक्य घ्यायला लागली. हे तिचं. हे माझं. हे तिचं, नक्की तिचं, मला तिचा आवाज ऐकू येतोय. हे माहीत नाही. हेही माहीत नाही. माहीत नसलेल्यांची संख्या वाढत चालली.

तीन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी मला राहवेना. "अहो, सगळंच अक्काच्या नावावर घाला. शिकवलं तिनेच ना तुम्हाला? ती काही तक्रार करायला येणार नाही."

"म्हणूनच नाही घालता येत." ती पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "ती असती तर म्हणाली असती, हे मी कधी म्हटलं गं? आता म्हणणार नाही. जे ती बोललीच नाही ते तिच्या तोंडी कसं घालू?"

"मग तुमच्या नावावर राहू द्या."

"ती तर चोरीच झाली."

"मग काय करणार?"

तिने सरळ करायलाच सुरुवात केली. ज्या वाक्यांबद्दल खात्री होती तेवढी ठेवली आणि बाकीची खोडत गेली. सावकाश, पट्टी लावून, एकेक ओळ. एका ओळीवर ती थांबली. मीही वाकून वाचली. जो माणूस दुखतंय म्हणत नाही, त्याच्या पायाची बोटं बघावीत, बोटांना खोटं बोलता येत नाही.

"हे तर नक्की अक्काचं असणार," मी म्हणालो. मला ते वाक्य फार आवडलं होतं.

तिने ते ओठ हलवत दोन-तीनदा वाचलं. "मी रोज बघते बोटं. वॉर्डात शिरले की आधी तेच बघते. पण हे तिने सांगितलं म्हणून बघायला लागले की बघून बघून मलाच कळलं, आठवत नाही हो सर." आणि तिने त्यावर पट्टी ठेवली.

अकरा पानांचं दीड पान झालं. सात वाक्यं उरली. प्रत्येक वाक्याच्या खाली तिने अक्काचं पूर्ण नाव लिहिलं, वॉर्डात कोणालाही माहीत नसलेलं, आडनावासकट. मग डोळे न पुसता प्रत मला दिली.

टक्के बघायचे नव्हते, तरी नोंदीसाठी, आधीची प्रत पुसून, मशीनमध्ये घालावंच लागतं. तेहतीस आले. यावेळी मी आकड्यावर थांबलो नाही. आतला पूर्ण अहवाल उघडला. पाच वर्षांत मी तो क्वचितच उघडला होता. जिथे जिथे मजकूर दुसरीकडे सापडतो तिथे मशीन रंग लावतं. पहिल्या प्रकरणात रंग, दुसऱ्यात रंग, चौथ्यात रंग. तिसरं प्रकरण पांढरं स्वच्छ होतं.

मी ते पांढरं पान बघत बसलो. अक्काने कुठे एक अक्षर लिहून ठेवलं नव्हतं. तिचं बोलणं मशीनला जगात सापडणार कुठे? त्या पहिल्या एकतीसमध्येही अक्काचा वाटा शून्यच असणार. ती अकरा पानं जशी होती तशी राहिली असती तरी टक्का तसूभर वाढला नसता, उलट थोडा कमीच झाला असता. त्या दिवशी मी एक मिनिट हा अहवाल उघडून बघितला असता, तर बाकीची काढा, हे प्रकरण राहू द्या, एवढं सांगता आलं असतं.

"किती आले?" ती टेबलासमोर उभी होती.

न सांगता चाललं असतं. तिला कधी कळलंही नसतं. पण मी स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि सगळं सांगितलं. तिने तिसरं प्रकरण खालपर्यंत सरकवत नेलं. दीड पानच होतं, लगेच संपलं. पुन्हा वर नेलं.

"म्हणजे काढायची गरजच नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती."

तिने स्वेटरची बटणं लावली, पिशवी खांद्याला अडकवली, आणि मला वाटतं ओरडायचंही तिच्यात त्राण नव्हतं. "सर, हे कुठेतरी लिहून ठेवा," ती म्हणाली. "तारीख घालून. आणि कोणामुळे झालं तेही लिहा."

ती गेली आणि मी लिहायला बसलो.